परसदारची प्रश्नोत्तरे : जुलैचे पाणी आणि एप्रिलचे पाणी

यंदा मे महिन्याच्या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे नवरा-बायकोने मिळून लिहिलेली आहेत, आणि पुष्कळ पत्रांत अर्ध्यावर अक्षर बदललेले दिसते. पाऊस तोंडावर आलेला असल्यामुळे, ज्या कामांना आता उशीर चालणार नाही त्यांचीच पत्रे येथे घेतली आहेत. बाकीच्या पत्रांना पुढच्या अंकात उत्तरे देईन.

प्रश्न : नोकरीतून निवृत्त होऊन आम्ही दोघे गेल्या वर्षी डोंबिवलीहून गुहागर तालुक्यातील आमच्या मूळ घरी राहायला आलो. घरामागे चार गुंठे मोकळी जागा आहे. जमीन जांभ्याची, तांबडी असून एका कोपऱ्यात कातळ वर आलेला आहे. विहीर आहे, पण एप्रिलच्या मध्यापासून तिला दिवसाला जेमतेम चारशे लिटर पाणी येते. गेल्या जूनमध्ये आम्ही वांगी, मिरची आणि टोमॅटो यांची रोपे विकत आणून लावली. जुलैअखेर त्यांतले एकही उरले नाही. यजमानांना हापूसची पाच-सहा कलमे आणि चार माड लावायचे आहेत. मला रोजच्या जेवणापुरती भाजी आणि देवापुरती फुले हवी आहेत. दोघांचेही साधेल अशी आखणी कशी करावी?

उत्तर : तुमची रोपे गेली ती निगा कमी पडल्यामुळे नव्हे. वांगी, मिरची आणि टोमॅटो ही कोकणात हिवाळ्याची पिके आहेत. देशावरच्या वेळापत्रकाने ती जूनमध्ये लावली की आपल्याकडच्या पावसात तग धरत नाहीत. कोकणात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. याचा अर्थ असा की तुमच्या परसातल्या प्रत्येक चौरस मीटरवर चार महिन्यांत ३,००० लिटर पाणी ओतले जाते, आणि त्याच चौरस मीटरवरच्या भाजीला मे महिन्यात रोजचे चार-पाच लिटर पाणी पुरवताना तुमची विहीर थकते. परसात काय लावायचे हे बियाणांच्या दुकानात जाऊन ठरत नाही. जुलैत हे पाणी कोठून निघून जाईल आणि एप्रिलमध्ये ते कोठून येईल, या दोन गोष्टींवर ते ठरते. दोघांनी आधी एवढेच एकत्र बसून ठरवले, तर कलमे की भाजी हा वाद बराचसा आपोआप मिटेल.

प्रथम जुलै. गेल्या पावसाच्या खुणा अजून तुमच्या परसात असतील. गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधाच्या, तळाशी वाळलेले शेवाळ कोठपर्यंत आहे, बारीक खडी कोठे वाहून साठली आहे, कोठे मातीवर पापुद्रा धरला आहे, ते एकदा दोघांनी चालून पाहावे आणि त्या जागी खुंट्या ठोकाव्यात. पाणी जेथे थांबते तेथे अळू, केळ किंवा सोनटक्का सोडून दुसरे काही लावू नये. भाजीचे वाफे इतर जागी, जमिनीपासून किमान वीतभर उंच उचलून करावेत. रुंदी एक मीटरपेक्षा अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. कडेला फुटक्या चिऱ्यांचे तुकडे लावले की माती धुपत नाही. हेच वाफे पाऊस संपल्यावर, हिवाळी रोपे लावण्याआधी उतरवून सपाट करावेत आणि फेब्रुवारीनंतर त्यांची आळी करावीत. एकाच जागेला पावसाळ्यात उंच आणि उन्हाळ्यात खोल करावे लागते, हे शहरातून आलेल्या माणसाला प्रथम पटत नाही. मलाही पटले नव्हते.

तुमची गेल्या वर्षीची रोपे कशाने मेली, हे आता नक्की सांगता येणार नाही. परंतु पुढे कधी हिरवे, टवटवीत रोप दोन-तीन दिवसांत माना टाकून कोमेजले, तर एक गोष्ट करून पाहा. मातीच्या वर दोन बोटे अंतर ठेवून खोड धारदार सुरीने कापा आणि कापलेले टोक काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात स्थिर धरा. काही मिनिटांत टोकातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले, तर तो जिवाणूजन्य मर रोग होय. आमच्या घरी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा यजमानांनी पेला खिडकीच्या उजेडात धरला होता आणि ते धागे तळापर्यंत जाताना आम्ही दोघे काही न बोलता पाहत राहिलो होतो. आपल्या आम्लधर्मी, ओल्या जमिनीत हा रोग पुष्कळ आढळतो आणि त्यावर फवारणीचा उपयोग होत नाही. अशा वाफ्यात निदान तीन वर्षे वांगी, मिरची आणि टोमॅटो यांपैकी काहीही लावू नये. वेलभाज्या, माठ, वाल यांना ती जागा द्यावी.

पावसाळ्यात मांडव हाच तुमचा आधार आहे. काकडी, शिराळी (दोडकी), पडवळ, कारली आणि दुधी या वेलांचे बी रोहिणी नक्षत्र लागले की, म्हणजे २५ मेच्या सुमारास, खाली भोक पाडलेल्या करवंट्यांत पेरावे आणि पडवीच्या कडेला ठेवावे. पहिल्या मुसळधार सरींनी बी वाहून जाते किंवा कुजते, ते यामुळे टळते. रोपाला तीन-चार पाने आली की ते उंच आळ्यात लावून वर सोडावे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कारल्याची कोकण तारा आणि शिराळ्याची कोकण हरिता अशा जाती याच हवेसाठी काढलेल्या आहेत. मिळाल्यास त्या घ्याव्यात. भेंडी आणि लाल माठ उंच वाफ्यावर पावसातही येतात. गणपतीपर्यंत घरातली भाजी या मांडवावर भागते आणि गणपतीच्या वर टांगायला काकडी, पडवळही घरचेच मिळते. वांगी-मिरचीचे बी सप्टेंबरच्या उत्तरार्धात पेरून रोपे ऑक्टोबरअखेर लावावीत. मुळा, पालक, कोथिंबीर, वाल आणि चवळी यांचाही तोच हंगाम.

आता एप्रिल. चारशे लिटरांतून घरखर्च वजा केल्यावर बागेसाठी फार तर अडीचशे लिटर उरतील. मोठ्या माडाला उन्हाळ्यात रोजचे निदान ४० लिटर पाणी लागते. चार माड लावले तर आठ-दहा वर्षांनी दीडशे लिटरांहून अधिक पाणी तेच घेतील आणि भाजीला वीस चौरस मीटरपुरतेही राहणार नाही. म्हणून माड दोनच लावावेत, आणि त्यांतला एक न्हाणीच्या पाण्यावर लावावा. न्हाणीच्या पाण्यावर केळ, अळू आणि माड पोसण्याची आपल्या जुन्या घरांची रीत शहाणपणाची आहे. फक्त कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी त्यात जाऊ देऊ नये. उन्हाळी भाजी तीस चौरस मीटरांवर थांबवावी आणि तिच्यावर पातेऱ्याचा, म्हणजे वाळलेल्या पानांचा, चार बोटे जाड थर सतत ठेवावा. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले) पालथी पुरली तर ती पाणी धरून ठेवतात. पातेरा जाळून टाकण्याची घाई मात्र कोणीही करू नये. जांभ्याच्या जमिनीतले सत्त्व दरवर्षी पावसाबरोबर वाहून जाते आणि ते परत आणण्याचे सर्वांत स्वस्त साधन तोच पातेरा आहे.

राहिली कलमे. हापूसचे कलम रूढ पद्धतीने दहा-दहा मीटर अंतरावर लावतात, म्हणजे एका झाडाला शंभर चौरस मीटर जागा. चार गुंठे म्हणजे सुमारे चारशे चौरस मीटर. पाच-सहा कलमे लावली तर तुमचे सबंध परस ती व्यापतील आणि भाजीला ऊनच राहणार नाही. हे मी अनुभवाने सांगते. आम्ही विहिरीच्या दक्षिणेला तीन कलमे लावली होती. ती लहान असेपर्यंत वाफे सुरेख पिकत होते. अकराव्या वर्षी त्याच वाफ्यांत मुळ्याला नुसता पाला येऊ लागला. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दहा मीटर उंचीच्या झाडाची सावली उत्तरेकडे जवळजवळ नऊ मीटर पडते. भाजीचा मुख्य हंगाम नेमका तोच. शेवटी यजमानांनी स्वतः उभे राहून मधले कलम तोडून घेतले, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तेव्हा मोठी झाडे परसाच्या उत्तरेच्या कडेला लावावीत आणि दक्षिणेची बाजू भाजीसाठी मोकळी ठेवावी. माझ्या मते आंब्याची दोन कलमे पुरेत : एक हापूसचे आणि एक रत्नाचे. रत्ना ही हापूस आणि नीलम यांच्या संकरातून विद्यापीठाने १९८१ साली प्रसारित केलेली जात आहे. तिच्या फळात साका (गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग) होत नाही आणि ती दरवर्षी फळते. तिसरे झाड कोकमाचे घ्यावे, पण ते कलमच असावे. कोकमात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात आणि बियांपासून वाढवलेल्या रोपांपैकी साधारण निम्मी नर निघतात. सहा-सात वर्षे पाणी घातल्यावर ते कळणे फार क्लेशाचे होते. फुलांसाठी गडग्याची आतली बाजू वापरावी : ऊन असेल तेथे जास्वंद, तगर आणि मोगरा, सावली असेल तेथे अबोली.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. झाडे यांची आणि वाफे माझे, अशी वाटणी करू नका. त्यापेक्षा सकाळची फेरी एकाने आणि संध्याकाळची दुसऱ्याने करावी, आणि जे दिसले ते एकाच वहीत लिहावे. एकाच जमिनीतले पाणी आणि खत दोन्हीकडे जात असते. ते दोघांनाही माहीत असले पाहिजे. पुढचेच पत्र त्याचे उदाहरण आहे.

प्रश्न : देवगड तालुक्यात आमच्या घरालगत हापूसचे चौदा वर्षांचे कलम आहे. पूर्वी ते चांगले धरत असे. गेली तीन वर्षे त्याला मोहोर जवळजवळ येतच नाही. उलट नोव्हेंबर-डिसेंबरात कोवळी पालवी फुटते. त्याच सुमारास आम्ही झाडाच्या बुंध्याशी लाल माठ, मुळा आणि कोथिंबीर यांचे वाफे सुरू केले. सौभाग्यवती त्यांना रोज शिंपण आणि दर पंधरवड्याला शेणाचे पाणी घालतात. खतविक्रेत्याने मोहोरासाठी जुलैमध्ये पॅक्लोब्युट्राझॉल हे वाढरोधक रसायन बुंध्याशी ओतण्याचा सल्ला दिला आहे. ओतावे काय?

उत्तर : ओतू नये, निदान या झाडाला तरी नको. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पाऊस संपल्यावर आंब्याला दोन महिने ताण बसावा लागतो. जमीन सुकत जाते, पालवी जून होते, आणि मग थंडी पडली की त्या जून काडीच्या टोकाला मोहोर फुटतो. तुमच्या झाडाला ऑक्टोबरपासून रोज पाणी आणि त्याबरोबर नत्र मिळते आहे. त्याला पावसाळा संपल्याचे कळतच नाही, म्हणून ते पालवी काढत राहते. कोथिंबीर तेवढी उत्तम येत असेल, याविषयी मला शंका नाही.

वाफे उचलून फांद्यांच्या टोकांच्या किमान दोन मीटर बाहेर न्यावेत. पाण्याचा उतार झाडाकडे असेल तर मध्ये वीतभर खोल चर मारावा. झाडाचे शेणखत आणि इतर खते पावसाच्या सुरुवातीलाच, फांद्यांच्या टोकांखाली वर्तुळाकार चर काढून द्यावीत आणि त्यानंतर काहीही देऊ नये. मोहोर येऊन फळे वाटाण्याएवढी झाली की मग पाणी द्यायचे : पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा, प्रत्येक वेळी दीडशे ते दोनशे लिटर. त्याने फळगळ कमी होते. काढणीच्या महिनाभर आधी ते बंद करावे. झाडाच्या मधल्या भागात ऊन शिरत नसेल तर काढणीनंतर आतल्या काही फांद्या विरळ कराव्यात, कारण दाट झाडात तुडतुडे आणि भुरी यांचे फावते.

पॅक्लोब्युट्राझॉलचा वापर बागायतदार जुलै-ऑगस्टमध्ये करतात आणि मोठ्या बागेत, झाडाचा विस्तार मोजून, खतांची जोड देऊन केला तर त्याचा उपयोग होतो. परंतु ते जमिनीत दीर्घकाळ टिकते आणि वाढ खुंटवणे हेच त्याचे काम आहे. ज्या मातीत तुम्ही माठ आणि कोथिंबीर पिकवून खाता त्या मातीत ते ओतावे, असे मला मुळीच वाटत नाही. आधी दोन हंगाम पाणी तोडून पाहा. पहिल्याच वर्षी पूर्ण मोहोर आला नाही तर धीर सोडू नका. हापूस मुळातच एक वर्षाआड अधिक धरणारा आहे.

साक्याबद्दल तुम्ही शेवटी ओझरते विचारले आहे. फळ झाडावर पूर्ण पिकू न देता चौदा आणे तयार झाले की सकाळी किंवा संध्याकाळी देठासह काढावे, उन्हात तापलेल्या जमिनीवर क्षणभरही ठेवू नये, आणि एप्रिलमध्ये झाडाखाली गवताचे आच्छादन घालावे. तापलेल्या जमिनीची धग फळाला लागली की साक्याचे प्रमाण वाढते.

प्रश्न : आम्ही राजापूर तालुक्यातून लिहीत आहोत. मांडवावरची कारली आणि काकड्या दोन-तीन इंच झाल्या की वाकड्या होऊन पिवळ्या पडतात. चिरल्यावर आत अळ्या निघतात. आंब्यासाठी वापरतो तो रक्षक सापळा आम्ही मांडवाला दोन ठिकाणी टांगला. त्यात माश्या भरपूर सापडल्या, परंतु कारल्यांना काही फरक पडला नाही. शिवाय दुधीला फुले येतात, मागे बोटभर दुधीही दिसतो, आणि चार दिवसांत तो काळा पडून गळतो. ही तीच कीड आहे काय?

उत्तर : नाही, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि पहिलीतही एक गल्लत झाली आहे, जी पुष्कळांची होते.

कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा उत्तम आहे. पण त्यात तुम्ही घातलेले मिथाइल युजेनॉल हे आंब्यावरच्या फळमाशीच्या नरांना ओढते. काकडी, कारली, शिराळी यांना उपद्रव देणारी फळमाशी निराळी आहे आणि तिचे नर क्यू ल्युअर नावाच्या गंधाला येतात. त्यामुळे तुमच्या सापळ्यात जवळपासच्या कलमांवरचे नर आले आणि कारल्यावरच्या माश्या आपल्या कामात राहिल्या. सापळा तोच ठेवा, आतला बोळा बदला. वेलाला फुले येण्याआधीच तो मांडवाच्या उंचीवर टांगावा.

मात्र असा गंधाचा सापळा फक्त नर पकडतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आधीच अंडी भरलेली मादी कोवळ्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. अळी आतला गर खाऊन फळासह खाली पडते आणि मातीत दोन-चार बोटे खोल जाऊन कोष करते. म्हणून किडलेले कारले उकिरड्यावर फेकले तर आठ-दहा दिवसांत तेथूनच नव्या माश्या उठतात. अशी फळे रोज वेचून काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात ठेवावीत. पावसात ऊन नसेल तर दोन फूट खोल खड्ड्यात पुरावीत. मांडवाखालची माती दर आठवड्याला हलकी उकरावी, म्हणजे कोष उघडे पडतात आणि कोंबड्या ते टिपतात. ज्या घरी कोंबड्या आहेत त्यांच्या मांडवाखाली हे काम अर्धे झालेले असते. घरापुरत्या वेलांसाठी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे फळ धरल्यावर दोन दिवसांच्या आत त्यावर जुन्या धोतराची किंवा साडीची लांबट पिशवी चढवून देठाशी बांधणे. वर्तमानपत्राची पिशवी आपल्या पावसात टिकत नाही. आम्ही एका पावसाळ्यात दोघांनी मिळून साठ पिशव्या शिवल्या. त्या चौथ्या वर्षीही चालू आहेत.

दुधीची गोष्ट अगदी निराळी आहे. त्याचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि रात्री पतंग येऊन परागीभवन करतात. पावसाच्या झडीत पतंग फिरत नाहीत, परागीभवन होत नाही, आणि मागचा बोटभर दुधी काळा पडतो. हे काम आपल्या हाताने करता येते. ज्या फुलामागे इवलासा दुधी असतो ते मादीफूल. लांब, सरळ देठावरचे नुसते फूल ते नर. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास नुकते उमललेले नरफूल तोडावे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि मधला पिवळा दांडा मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. हिरवट ओल्या भागावर पिवळी पूड लागलेली डोळ्यांना दिसली पाहिजे. एका नरफुलात दोन-तीन मादीफुले होतात. पाऊस असेल तर एकाने छत्री आणि विजेरी धरावी व दुसऱ्याने हे करावे, आणि नंतर फुलावर अळवाचे पान रात्रभर टोपीसारखे बांधून ठेवावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देठ ताठ होऊन दुधी खाली वाकू लागला की फळ धरले असे समजावे. शिराळ्याची पिवळी फुलेही संध्याकाळीच उमलतात. कारली, काकडी आणि भोपळा यांची मात्र सकाळी.

प्रश्न : वेंगुर्ला तालुक्यात आमच्या आगरात माडांखाली मोगऱ्याची सहा झाडे आहेत. पाने काळीभोर हिरवी, पण कळी नाही. शेजारची अबोली मात्र न लावता पसरते. सासूबाई म्हणतात की जागेचा दोष आहे. तसे असते काय?

उत्तर : तुमच्या सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे. मोगऱ्याला दिवसातून सहा तास तरी थेट ऊन हवे. माडांच्या गाळीव उन्हात तो पाने काढतो आणि तेवढ्यावर थांबतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस स्थिरावला की, झाडे मोठ्या मातीच्या गोळ्यासह उचलून उघड्यावर, पण पाणी न साचणाऱ्या जागी न्यावीत. डिसेंबरअखेर पाणी दोन-तीन आठवडे तोडावे, मग पाने उतरवून काड्या निम्म्यावर छाटाव्यात, शेणखत द्यावे आणि पाणी सुरू करावे. कळी येते ती नव्या फुटीवर. मार्चपासून वळवाच्या सरींपर्यंत तुम्हाला रोज ओंजळभर फुले मिळायला हवीत.

माडांखालची जागा अबोलीलाच द्या. तिला हलकी सावली मानवते, रोज देवाला आणि वेणीला फूल देते, आणि तिची दोन दिवसांची वेणीही सुकलेली दिसत नाही. ती न लावता कशी पसरते ते एकदा मुलांना दाखवावे. पिकून तपकिरी झालेली कोरडी बोंडे तळहातावर घ्यावीत आणि त्यांवर पाण्याचे दोन थेंब सोडावेत. काही क्षण काहीच होत नाही. मग एकेक बोंड टचकन फुटते आणि चपट्या बिया हातभर लांब उडतात. पहिल्या पावसाच्या सरीने तुमच्या आगरात हेच होत असते. बी हवे असेल तर बोंडे पावसाआधी, म्हणजे याच महिन्यात वेचून कागदाच्या पुडीत ठेवावीत. दिल्ली नावाने मिळणाऱ्या मोठ्या फुलाच्या अबोलीला मात्र बी धरत नाही; तिच्या काड्याच लावाव्या लागतात. एकाच जागी तीन-चार वर्षांनी अबोली मलूल होऊ लागली तर मुळे उपटून पाहा. त्यांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमीचे, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचे, काम आहे. त्या जागी एक हंगाम झेंडू लावून अबोली दुसरीकडे न्यावी.

प्रश्न : आम्ही नवविवाहित असून रत्नागिरी शहरात समुद्राकडे तोंड असलेल्या सदनिकेत राहतो. पश्चिमेच्या गॅलरीत आणलेली रोपे पानांच्या कडा करपून मरतात. काय लावावे?

उत्तर : वाऱ्याबरोबर येणारे मीठ पानांवर बसते, त्याने कडा करपतात. गुलाब आणि मोगरा यांचा हट्ट तूर्त सोडून सदाफुली, चिनी गुलाब आणि बोगनवेल यांपासून सुरुवात करावी. ही तिन्ही खारा वारा सोसतात. कठड्याच्या आतून सावलीची जाळी बांधली की तिच्या आडोशाला तुळस, पानओवा, गवती चहा आणि कढीपत्ता जगेल. पावसाळा सोडून इतर दिवसांत आठवड्यातून दोनदा पानांवर गोड्या पाण्याचा फवारा मारावा. कुंडीत नारळाच्या सोडणाचा भुसा घालणार असाल तर तो दोन-तीन पाण्यांतून धुऊन, पिळून घ्यावा. खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणाच्या भुशात मीठ उरलेले असते, आणि वाऱ्यापासून वाचवलेले रोप मग मुळाकडून करपते. गॅलरीत पावसाची झड येत असेल तर कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात, आणि मृग लागण्यापूर्वी प्रत्येक कुंडीखालची ताटली काढून घ्यावी.